त्याच्या नावाचा घास

१

आमच्या कॉलनीत नळ एक दिवसाआड येतो. आला की आधी टंकी, मग हंडे, मग बाल्ट्या, आणि सगळं भरून झालं की कपडे. पण हे सुट्टीवर आले की क्रम बदलतो. आधी यांचे कपडे, तेही मागच्या अंगणात, तोंडाला ओढणी बांधून.

हे म्हणजे माझे यजमान, राजवर्धनराव. नौदलात आहेत, पाणबुडीवर. देवाससारख्या कोरड्या गावातला माणूस पाण्याखाली नोकरी करतो याचं कॉलनीला फार हसू येतं. शेजारचे उदाजीराव काका दर वेळी म्हणतात, "क्यों भिया, इथं बाल्टीभर पाण्यावरून भांडणं आणि तिथं सगळा समुद्र डोक्यावर."

यांची पाणबुडी अणूच्या भट्टीवर चालते, आणि तिच्या पोटात क्षेपणास्त्रं असतात. एवढंच मला माहीत. नाव विचारायचं नाही, कुठं गेला होतात विचारायचं नाही, आणि परत कधी जाणार ते त्यांनाच ठाऊक नसतं. नवं लग्न झालं होतं तेव्हा मी एकदा विचारलं होतं, महिनोन् महिने खाली राहता, पेट्रोल संपत नाही का. हे हसले. म्हणाले, "भट्टी वर्षानुवर्षं विझत नाही. हवा आम्ही करतो, पाणी आम्ही करतो. वर यावं लागतं ते एकाच गोष्टीसाठी. जेवण संपतं."

हवेचं मशीन यांच्याकडे आहे. सगळ्यांनी सोडलेला श्वास ते ओढून घेतं, धुतं, आणि परत सगळ्यांना देतं. म्हणजे तिथं माणसं एकमेकांचा श्वासच खातात, असं मला तेव्हा वाटलं होतं. त्या मशीनमधल्या औषधाचा वास कपड्यांना लागतो. जुनं तळणीचं तेल, ओलं कुत्रं आणि शिळी मासळी, असं सगळं मिळून. दोन धुण्यात तो जातो. त्याची मला सवय झाली होती.

या वेळी पहिल्या पाण्यात तो वास गेला आणि त्याच्याखालून दुसरा निघाला.

तो तोंडाचा वास होता. झोपेतून उठलेल्या, दात न घासलेल्या माणसाच्या तोंडाचा. शर्टाच्या कॉलरला, बनियनला, उशीच्या खोळीलाही. जणू कुणीतरी त्या कापडात तोंड खुपसून महिनोन् महिने श्वास सोडला होता. मी साबण बदलला, सोडा टाकला, गरम पाणी ओतलं. बाल्टीतल्या पाण्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा आला. बोटानं बाजूला केला तर तो बोटाला गुंडाळला गेला आणि सुटेना. मी ते बोट दगडावर घासत राहिले.

उर्वीला मी कडेवर घेतलं नव्हतं ते बरं झालं. ती आत आईसाहेबांजवळ होती, आणि रडत होती. आमची मुलगी, दीड वर्षाची. हे गेले तेव्हा कुशीतली होती, आता चालते. बापानं हात पुढं केला की किंचाळते. यांनी पेढे आणले होते, बाहुली आणली होती, काही उपयोग झाला नाही.

"ओळख विसरली पोर," आईसाहेब म्हणाल्या. "जेवण होऊ दे, मग बघू."

२

आईसाहेब म्हणजे माझ्या सासूबाई, उमाबाई. जुन्या सरदारी घरातल्या. वतन गेलं, आता दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच आहे, पण रीती सगळ्या शिल्लक आहेत. त्यातली एक अशी, की घरचा पुरुष फार दिवसांनी लांबून आला की तो घरी असेपर्यंत बायकोनं त्याच्या ताटात जेवायचं. ताट धुवायचं नाही, पुसायचं नाही, त्यानं सोडलेलं आहे तसं खायचं. आणि लेकरू बापाला ओळखत नसेल तर त्याच उष्ट्यातला घास त्याला भरवायचा. "उष्टं पोटात गेलं की पोर आपलं माणूस ओळखतं," असं आईसाहेब म्हणतात. त्यांनी यांनाही तसंच भरवलं होतं म्हणे, सासरे फौजेतून आले तेव्हा.

मला कधी किळस वाटली नव्हती. नवऱ्याचं उष्टं, त्यात काय.

हे पाटावर बसले. डाळ-बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, वर भरपूर तूप. खाता खाता आईसाहेबांनी विचारलं, "झोप लागते का रे तिथं?"

"लागते. पण पलंग अर्धा."

"अर्धा म्हणजे?"

"एका बिछान्यावर दोघं. एकदम नाही, पाळीनं. तो ड्यूटीवर गेला की मी झोपायचं, मी उठलो की तो. जागाच नाही ना. भिंतीच्या पलीकडे क्षेपणास्त्रं झोपलेली, अलीकडे आम्ही."

"म्हणजे चादर गार व्हायच्या आत दुसरा येऊन पडणार."

"चादर गार होतच नाही, आईसाहेब. होऊ द्यायची नसते."

आईसाहेब हसल्या. "आपल्या देवासात एका गावाचे दोन राजे होते. थोरली पाती, धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू यांची, ती बाजू त्यांची. चाललंच ना इतकी वर्षं? मग एका पलंगाचं काय कौतुक." मग म्हणाल्या, "कुठला आहे पोरगा तो?"

हे घास हातात धरून थांबले. "माहीत नाही."

"नाव काय?"

"मी जायचो तेव्हा तो उठून गेलेला असायचा. लाल दिवा असतो तिथं, तोंड नीट दिसत नाही कुणाचं."

"इतके महिने एका उशीवर डोकं ठेवलं आणि तोंड पाहिलं नाही? धन्य आहे बाबा तुमची."

आईसाहेबांना वाईट वाटलं असावं. त्यांनी यांच्या ताटातला एक बाफला मोडला, तुपात कालवला आणि ताटाच्या कडेला घास काढून ठेवला. परगावच्या माणसाच्या नावानं असा घास काढतात आमच्याकडे. पण तो बाहेर ठेवायचा असतो, कुंपणावर, कावळ्याला नाहीतर गाईला. त्या दिवशी आईसाहेबांचे गुडघे दुखत होते. त्या उठल्या नाहीत. घास ताटातच राहिला, आणि त्या बसल्या जागी म्हणाल्या, "त्याचीही आई असेल कुठंतरी. ये रे लेकरा, तूही जेवून जा."

यांचं चावणं थांबलं.

"असं बोलवायचं नाही, आईसाहेब."

"का रे?"

"असंच."

हे हात धुवायला उठले. मी ताट माझ्यापुढं ओढलं. कडेचा घास नव्हता. तिथं फक्त ओलं बोट फिरवल्यासारखी एक रेघ होती. यांनीच खाल्ला असेल, म्हटलं, आणि मी जेवले.

३

दुसऱ्या दिवसापासून यांनी आतली खोली बंद करून घेतली. खिडकीला एक जादाची रजई लावली, उजेड टोचतो म्हणून. पौषातली थंडी, पण कूलर चालू हवा, पाणी न घालता. नुसती मोटरची घरघर. त्याशिवाय झोप येत नाही म्हणाले. झोपायचे कधीही. सकाळी पोहे खाऊन झोपायचे, दुपारी उठायचे, संध्याकाळी परत झोपायचे. तिथलं घड्याळ अंगात बसलेलं असतं, ते मला माहीत होतं.

त्या सकाळी हे उदाजीराव काकांबरोबर बाजारात गेले. मी खोली झाडायला आत शिरले. रजई खिडकीवरून काढली, कूलर बंद केला, पलंगाची चादर ओढली आणि हात मागं घेतला.

बिछाना गरम होता.

हे उठून चहा प्याले होते, दाढी केली होती, अंघोळ केली होती, बाजारात जाऊनही बराच वेळ झाला होता. खोलीतली फरशी पायाला चावत होती इतकी गार. आणि यांच्या बाजूची गादी गरम, माणूस आत्ता उठल्यासारखी. नुसती गरम नाही, दमट. मी तळवा टेकवला तर तळव्याला ओल लागली. तळवा नाकाशी नेला आणि तोच वास आला. तोंडाचा.

मी स्वतःला समजावलं. गादी जाड आहे, ऊब धरून ठेवते. उर्वीनं ओलं केलं असेल. पण उर्वी माझ्याजवळ झोपते, आणि हे आल्यापासून आम्ही दोघी बाहेर, आईसाहेबांच्या खोलीत होतो, कारण ती यांना पाहून झोपत नव्हती. मग म्हटलं, घाम असेल, थकलेला माणूस आहे.

चादर झटकली तर पांढरे पापुद्रे उडाले. पाण्यात फार वेळ राहिलेल्या पायाची कातडी निघते ना, तशी. एक माझ्या ओठाला चिकटला. मी अंगणात जाऊन चूळ भरत राहिले, बाल्टी रिकामी होईपर्यंत. पुढचा नळ परवा होता. आईसाहेब आतून ओरडल्या, "अगं पाणी काय फुकट येतं का?"

चादर उन्हात टाकली, नवी घातली. हे परत आले, खोलीत डोकावले आणि दारातच उभे राहिले.

"बिछाना कुणी झटकला?"

"मी. का?"

"झटकू नकोस प्रियांका. तसाच राहू देत जा."

रागानं नाही म्हणाले. घाबरून म्हणाले. मग माझ्याकडे न बघता गादीवर हात ठेवून, आजारी माणसाचं कपाळ बघतात तसा, कितीतरी वेळ बसून राहिले.

४

ताटाचं मला उशिरा कळलं. लाज वाटते, पण आधी कळलं असतं तरी मी कुणाला सांगितलं असतं.

हे जेवताना सगळं निगुतीनं खातात. चटणी चटणीच्या जागी, हाड बाजूला, भात एका कडेनं. यांचं उष्टं म्हणजे अर्ध्यावर रेघ मारून ठेवलेलं असावं असं. पण एखाद्या दिवशी खोलीत नेलेलं ताट वेगळं यायचं. सगळं एकात एक कालवलेलं, आणि मधे मऊ, आकार नसलेला गोळा. पहिल्यांदा मला वाटलं, यांनी उर्वीसाठी भात कुस्करला. खाल्लाही. तोंडात टाकताच विरघळला, चावावं लागलं नाही.

तिसऱ्यांदा की चौथ्यांदा त्या गोळ्यात मटणाचा तंतू दिसला. पिळून पांढरा झालेला, आणि त्यावर दातांच्या खुणा. तो घास चावून झालेला होता. कुणीतरी चावला होता, चोखला होता आणि परत ताटात ठेवला होता, माझ्यासाठी.

मी मोरीत बसून घशात बोटं घातली. कालचं, परवाचं, सगळं निघावं असं वाटत होतं. ते कसं निघणार. ते तर अंगात जिरलं होतं.

हे अंगणात उन्हाला बसले होते. मी तिथं जाऊन उभी राहिले.

"अहो, तुम्ही चावलेला घास परत ताटात टाकता का?"

यांनी मान वर केली नाही. "आज मी कुठं जेवलो?"

"आत्ता जेवलात की. खोलीत ताट नेलं मी."

"मी इथंच आहे सकाळपासून."

उदाजीराव काका कुंपणापलीकडे सोयाबीन निवडत होते. ते म्हणाले, "बहूरानी, भिया तर माझ्यासमोरच बसलाय. कान किटले माझे, समंदर समंदर." आणि हसले.

मी ताट नेलं तेव्हा खोलीत अंधार होता. कूलर घरघरत होता. रजईखाली कुशीवर झोपलेल्या माणसाची पाठ होती. मी ताट स्टुलावर ठेवलं, "जेवून घ्या" म्हटलं, आणि आतून हुंकार आला. तो मी ऐकला होता.

काका घरात गेल्यावर यांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाले, "बंदराला लागलो तेव्हा मी सगळ्यांना विचारलं होतं. माझ्या बिछान्यावर दुसरा कोण होता, त्याला एकदा भेटायचंय म्हटलं. तर सगळे हसले. या खेपेला माणसं कमी होती. माझा बिछाना मला एकट्यालाच दिलेला होता."

"मग गरम कसा असायचा?"

"असायचा," हे म्हणाले.

५

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट ठरवली. या घरातलं उष्टं उर्वीच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही.

हे बोलायला सोपं. आईसाहेबांना रोज तीच काळजी होती, की पोर बापाला ओळखत नाही. रोज जेवण झालं की त्या उर्वीला मांडीवर घेऊन ताटाकडे हात करायच्या, आणि मी मधे पडायचे. आज तिचं पोट बिघडलंय. आज खूप तिखट आहे. आज तिला झोप आलीय. कारणं संपली तशी मी ताट उचलून स्वयंपाकघरात न्यायचे आणि उभ्यानं सगळं संपवायचे, नाक दाबून, काही उरू नये म्हणून. चांगलं ताट असो की ते दुसरं. टाकून देता आलं असतं तर टाकलं असतं, पण उष्टं टाकलेलं आईसाहेबांच्या नजरेतून सुटत नाही, आणि उरलं की त्या पोरीला भरवणार. मग मी खायचे. आई झाल्यावर माणूस काय काय गिळतं.

"बदनावरच्या मंडीत धान्य मापून मापून तुमच्या माहेरी मनही मापट्याएवढं झालंय," आईसाहेब म्हणाल्या. "बापाचा घास पोरीला द्यायला हात आखडतो हिचा."

"आईसाहेब, घास चावलेला असतो."

"मग? चिमणी पिलाला कसं भरवते? तुला काय वाटतं, चमच्यानं?"

मी यांच्याकडे बघितलं. वाटलं, हे तरी बोलतील. हे उर्वीकडे बघत होते. फार थकले होते तेव्हा, डोळे आत गेले होते, गालाची हाडं वर आली होती. सगळं खाऊनही माणूस सुकत होता. आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही. बस सुटायच्या बेतात असते आणि एखाद्याला तिच्यात जागा रिकामी दिसते, तसे ते बघत होते.

"खाऊ दे ना तिला," हळूच म्हणाले. "एकच घास."

"तुम्हाला माहीत आहे तो कुणाचा आहे ते."

"लहान आहे ती. तिला काय कळतंय."

मी उर्वीला उचललं आणि मोरीत जाऊन दार लावून घेतलं. तिला छातीशी धरून उलट्या बाल्टीवर बसून राहिले. बाहेर आईसाहेब यांना म्हणत होत्या, "डोकं फिरलंय पोरीचं. टेकडीवर घेऊन जाऊ, मातेच्या पायावर घालू."

६

सुट्टी संपत आली होती. दुपारची वेळ. ऊन छान पडलं होतं, आईसाहेब अंगणात मेथी निवडत होत्या, आणि हे ओट्यावर उदाजीराव काकांबरोबर चहा पीत होते. उर्वी आईसाहेबांजवळ डबे वाजवत होती. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. खिडकीतून काकांचं बोलणं ऐकू येत होतं.

"तो वो मिसाइल, सीधी जाती है क्या भिया?"

"सरळ नाही हो काका. ही वेगळी असतात. जमिनीलगत जातात, डोंगर आला की वळतात, नदी आली की नदीच्या कडेनं. त्यांना रस्ता आधीच शिकवलेला असतो."

"म्हणजे घर शोधत जाते, पोस्टमनसारखी."

"तसंच."

"आणि पोस्टमन चुकला तर?"

हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. ते हसू माझ्या कानात होतं, म्हणून मी खात्रीनं सांगते की हे ओट्यावरच होते.

डब्यांचा आवाज थांबला होता, ते माझ्या उशिरा ध्यानात आलं. मी खिडकीतून बघितलं. आईसाहेब मेथीवर मान टाकून पेंगत होत्या. त्यांच्याजवळ उर्वी नव्हती.

मग आतल्या खोलीत ताट वाजलं. स्टीलच्या ताटावर बोटांची नखं घासल्यासारखं. थोडं थांबून परत.

मी त्या दिवशी खोलीत ताट नेलं नव्हतं. हात पिठाचे होते, ते तसेच घेऊन मी गेले. दार लोटलेलं होतं. कूलरची घरघर चालू होती, आणि घरघरीत मिसळून दुसरा एक आवाज, ओला, सावकाश, चावण्याचा. मी अजूनही म्हणत होते, पोरगी एकटीच आत शिरली असेल, सकाळचं ताट राहिलं असेल. दार ढकलेपर्यंत म्हणत होते.

दाराच्या फटीएवढा उजेड पलंगावर पडला. उर्वी यांच्या जागेवर मांडी घालून बसली होती. पुढं ताट होतं. रजई फुगलेली होती, कुशीवर माणूस असावा तशी, आणि वरखाली होत होती. रजईच्या कडेखालून एक हात बाहेर आला होता.

पूर्ण नाही, कोपरापर्यंत. पांढरा, सुरकुतलेला, फार वेळ पाण्यात राहिलेला. नखं मऊ होऊन बोटाच्या टोकावर दुमडली होती. हात सावकाश ताटाकडे गेला, मऊ गोळा उचलला, रजईच्या आत नेला. चावल्याचा आवाज आला. हात परत बाहेर आला, आणि बोटांत आता जे होतं त्यातून धागा लोंबत होता. तो त्यानं उर्वीच्या तोंडाशी धरला.

बाप जवळ आला तरी किंचाळणारी माझी पोर. तिनं तोंड उघडलं. मान पुढं केली, चिमणीच्या पिलासारखी, आणि घास घेतला. तिची हनुवटी, गळा, झबलं, सगळं चकचकीत ओलं होतं. हा पहिला घास नव्हता.

मी तिला कशी ओढली ते आठवत नाही. हाताला काहीतरी थंडगार, बुळबुळीत लागलं एवढं आठवतं. अंगणात नेऊन तिच्या तोंडात बोट घातलं, जीभ खरडली, पाठीवर थापट्या मारल्या. काही निघालं नाही. ती रडत होती, पण घाबरून नाही. ताटावरून उठवलं म्हणून रडत होती. माझ्या खांद्यावरून खोलीच्या दाराकडे हात करून ती म्हणाली, "बाबा."

पहिल्यांदाच म्हणाली.

ओट्यावरून हे उठून आले होते. त्यांनी काय झालं विचारलं नाही, पोरीला लागलं का विचारलं नाही, खोलीत बघायलाही गेले नाहीत. पोरीच्या ओल्या हनुवटीकडे बघितलं आणि विचारलं, "खाल्लं का तिनं?"

मी तिची हनुवटी ओढणीनं पुसली. यांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला, खोल, कितीतरी महिन्यांचा अडकलेला असावा तसा.

७

जाण्याआधी हे भरपूर जेवले. गाल भरून आले, रंग आला. रात्र रात्र गाढ झोपायला लागले, बाहेरच्या खाटेवर, खिडकी उघडी टाकून. स्टेशनवर निघाले तेव्हा त्यांची बॅग मीच भरली. शर्टांना नुसता साबणाचा वास होता. दारात माझा हात धरून म्हणाले, "तिला नीट खाऊ घाल," आणि मी हात सोडवून घेतला. परत कधी येतील माहीत नाही. आले तर या घरात येतील असं मला वाटत नाही.

मी उर्वीला घेऊन माहेरी बदनावरला गेले. आईनं खीर केली, भावानं खांद्यावर घेऊन मंडी दाखवली, माझ्या वहिनीनं, श्रियानं, मोबाईलवर गाणी लावून चमचा पुढं केला. पोर तोंड उघडेना. ओठ घट्ट मिटून, मान वळवून बसायची. दूध घेईना, केळं घेईना. जबरदस्तीनं घातलं तर बाहेर काढायची. डॉक्टर म्हणाले, सगळं बरोबर आहे, नखरे आहेत, भूक लागली की खाईल. तिला भूक लागत होती. रडायला त्राण उरलं नाही तरी भूक लागत होती. माझ्या कडेवर ती रोज हलकी होत गेली. बरगड्या हाताला लागायला लागल्या, आणि झोपेत ती ओठ हलवायची.

श्रिया म्हणाली, "ताई, हिला घराची आठवण येतेय. घरी ने."

मी तिला घरी आणलं. दारातून आत आल्या आल्या ती कडेवरून उतरली, धडपडत आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि दारावर तळवे मारायला लागली.

आईसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना किती कळलंय मी कधी विचारलं नाही. "लेकराचा जीव जातोय," एवढंच म्हणाल्या, आणि मऊ भाताचा कुकर लावला.

आता ते रोजचं झालं आहे. भात, वरण, तूप, मीठ जरा जास्त. ताट मी वाढते. खोलीत अंधार असतो, कूलर मी चालू करते. ताट पलंगावर ठेवते, पोरीला शेजारी बसवते, रजईकडे बघत नाही. बाहेर येऊन दार लोटते आणि दाराला पाठ टेकून उभी राहते. लोकांना वाटेल, कसली आई ही. मलाही वाटतं. पण आतून चावल्याचा आवाज यायला लागला की माझेच खांदे सैल पडतात. ती खातेय. तिचे गाल परत भरून आले आहेत, वजन वाढलं आहे. उदाजीराव काका म्हणतात, "वा बहूरानी, गुडिया तो मस्त हो गई."

परवा जेवण झाल्यावर ती एकटी बाहेर आली. मूठ मिटलेली होती. माझ्यापुढं उभी राहिली, मूठ उघडली, आणि त्यातला मऊ, कोमट गोळा माझ्या तोंडाशी धरला. हनुवटी वर करून मला सांगितलं, आ.

मी तोंड फिरवलं. मी तिचा हात धुतला, पुसला, गालाचा पापा घेतला. त्या संध्याकाळी ताट वाढलं तर ती खोलीत गेली, पण खाल्लं नाही. काल दिवसभर खाल्लं नाही. आतून फक्त श्वासाचा आवाज येत होता, दोघांचा, वाट बघितल्यासारखा.

आज ती परत माझ्यापुढं आली. बोटांतून लाळेची तार लोंबत होती. तोच वास होता.

मी खाली बसले, तिच्या उंचीला, आणि तोंड उघडलं.